वाचक विचारतात : कादंबरी आयर्लंडची, प्रकाशन बेळगावात

या वेळच्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं एकाच पुस्तकाबद्दल आहेत. शहापूरच्या एका वाचनकट्ट्यातल्या सदस्येची पहिली कादंबरी हिवाळ्यात येते आहे. निपाणीची एक नर्स गॉलवेच्या इस्पितळात नोकरीला लागते, कॉनेमारातल्या टाइग नावाच्या शेतकऱ्याशी तिचं जुळतं, आणि त्याच्या रानातल्या दलदलीत एक प्रेत सापडतं, असं कथानक. प्रश्न कट्ट्याचे आहेत, मुद्रितं वाचणाऱ्यांचे आहेत, सूत्रसंचालनाचे आहेत आणि एक चक्क स्वयंपाकघरातून आलेला आहे.

'रोमँटिक सस्पेन्स'ला निमंत्रणपत्रिकेवर मराठीत काय म्हणायचं? 'प्रेमकथा' छापलं तर पुरुष मंडळी येत नाहीत, 'रहस्यकथा' छापलं तर लोकांना पिवळ्या मुखपृष्ठांची आठवण येते. (एक वाचक, खानापूर)

'प्रेम-रहस्य कादंबरी' छापा, मधल्या जोडरेघेसकट. या प्रकारात प्रेम आणि धोका एकाच दोरीचे दोन पदर असतात. ओळखायची खूण सोपी आहे. प्रेत काढून टाकलं तरी प्रेमकथा जशीच्या तशी उभी राहत असेल, तर ते रहस्य वरून चिकटवलेलं. टाइगवर प्रेम बसलं म्हणून नायिकेचा जीव धोक्यात येतो, आणि त्याच्यावर संशय असूनही ती निघून जात नाही, ही गाठ पक्की हवी. पाठमजकूर लिहितानाही हीच गाठ सांगा. 'एक थरारक प्रवास' वगैरे शब्द गाळले तर बरं.

पुस्तकातली नावं इंग्रजी अक्षरांत बघितली की तोंडच उघडत नाही. मंचावर हसं होऊ नये म्हणून मदत हवी. (सूत्रसंचालिका, टिळकवाडी)

आयरिश भाषेत लिहिलेलं आणि बोललेलं यांचं नातं पक्कं आहे, फक्त ते इंग्रजीच्या नियमांनी चालत नाही. दोन नियम धरले तरी निम्मं काम होतं. बी किंवा एमच्या पुढे एच आला की बहुतेक वेळा 'व्ह' ऐकू येतो. आणि एसच्या शेजारी ई किंवा आय आला की त्याचा 'श' होतो.

म्हणून एस-आय-ओ-बी-एच-ए-एन हे नाव 'शिवॉन', जोर शेवटच्या 'वॉन'वर. एन-आय-ए-एम-एच म्हणजे 'नीव्ह', एका दमात, 'निआम्ह' नव्हे. ए-ओ-आय-एफ-ई म्हणजे 'ईफा'. टी-ए-डी-एच-जी म्हणजे नायक 'टाइग' : इंग्रजी 'टायगर'मधला शेवटचा 'र' गाळा, झालं. इ-ओ-आय-एन म्हणजे 'ओइन', ओ-आय-एस-आय-एन म्हणजे 'ओशीन'. एस-ए-ओ-आय-आर-एस-ई हे नाव कुणी 'सीर्शा' म्हणतं, कुणी 'सर्शा'. दोन्ही तिथं चालतात, पण तुम्ही एक ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. पोलिसाला तिथं 'गार्डा' म्हणतात, अनेकवचन 'गार्डी'. पंतप्रधान म्हणजे 'टीशख'. डब्लिनजवळचं बंदराचं गाव स्पेलिंगवरून वाचाल तर चार अक्षरं जास्त होतात. त्याचा उच्चार 'डन लिअरी'.

सूत्रसंचालनाच्या कागदावर इंग्रजी स्पेलिंग ठेवूच नका. सगळं देवनागरीत लिहा आणि जोराच्या अक्षराखाली रेघ मारा. पाहुण्यांच्या कागदावरही तेच, नाहीतर तुम्ही 'नीव्ह' म्हणाल, अध्यक्ष 'निआम्ह' म्हणतील आणि श्रोत्यांना वाटेल या दोन बायका आहेत. रहस्यकथेत हे परवडत नाही.

नायिका रात्री डॉनेगलहून डेरीला गाडीनं जाते. 'तपासणी नाक्यावर शिपायानं पासपोर्ट मागितला' असं हस्तलिखितात आहे. काळ आजचा. बरोबर आहे का? (मुद्रितं वाचणारे, निपाणी)

नाही. डॉनेगल आयर्लंड प्रजासत्ताकात आणि डेरी उत्तर आयर्लंडात, म्हणजे ब्रिटनच्या अखत्यारीत, हे खरं. १९२१ मध्ये आखलेली ही सीमा सुमारे ५०० किलोमीटरची आहे. सैनिकी चौक्या आणि टेहळणी मनोरे होते ते उत्तर आयर्लंडातल्या सशस्त्र संघर्षाच्या काळात. तो संघर्ष मिटवणाऱ्या १९९८ च्या बेलफास्ट करारानंतर ते हटवले गेले. आज रस्त्यावर कायमचा नाका नाही. पोलीस अधूनमधून वाहनं तपासतात आणि भारतीय पासपोर्टवाल्याला पलीकडे जायला योग्य व्हिसा लागतोच. तो नायिकेकडे नाही असं दाखवलंत तर नाक्यापेक्षा जास्त ताण येईल : अडवणारं कुणी नाही, पण अडवलं तर सुटका नाही.

सीमा ओलांडल्याचं तिला कळावं कसं, ही खरी गंमत आहे. प्रजासत्ताकात रस्त्याच्या कडेची रेघ पिवळी असते, उत्तरेत पांढरी. वेगमर्यादेच्या पाट्या इकडे किलोमीटरमध्ये (जानेवारी २००५ पासून), तिकडे मैलांत. म्हणजे १०० चा आकडा जाऊन ६० दिसला की गाडी हळू करायची नसते, कारण वेग जवळजवळ तोच असतो. हे नवख्या माणसाला पटकन कळत नाही, आणि तुमच्या पाठलागाच्या प्रसंगात नायिकेनं इथंच ब्रेक दाबला तर? पेट्रोल पंपावर युरो जाऊन पौंड येतो. फोनचं नेटवर्क बदलून संदेश येतो. कोगनोळीचा टोलनाका मागे टाकून कागलकडे जाताना पाट्यांवरची कन्नड सरून मराठी सुरू होते, तेव्हा डोळे जे टिपतात तेच तिला टिपू द्या. आपल्या वाचकाला ते समजावून सांगावं लागणार नाही.

गाड्यांच्या नंबरांचाही उपयोग करा. आपल्याकडे केए-२२ बघितलं की बेळगाव, केए-२३ म्हणजे चिक्कोडी, एमएच-०९ म्हणजे कोल्हापूर. तिथं नंबरात आधी वर्ष येतं, मग परगण्याचं अक्षर : गॉलवेला जी, डॉनेगलला डीएल, केरीला केवाय. २०१३ पासून वर्षापुढे १ किंवा २ लागतो, म्हणजे गाडी वर्षाच्या पहिल्या सहामाहीतली की दुसऱ्या, तेही कळतं. हस्तलिखितात मारेकऱ्याची गाडी '२४३' नं सुरू होते, असा नंबर असूच शकत नाही. उत्तरेतल्या पाटीवर वर्ष नसतं. तीन अक्षरांत आय किंवा झेड असतो आणि पुढे आकडे.

आणखी एक, पाट्यांवरून आठवलं म्हणून. केरीतल्या डिंगलचं प्रकरण सीमाभागातल्या वाचकाला आपलं वाटेल. आयरिशभाषक पट्ट्यातल्या गावांची इंग्रजी नावं २००५ मध्ये सरकारी आदेशानं पाट्यांवरून गेली, त्यात डिंगलही गेलं. पर्यटनावर जगणाऱ्या गावानं २००६ मध्ये मतदान करून दोन्ही नावं मागितली आणि २०११ च्या कायद्यानं ती मिळाली. लेखिकेला एखाद्या संवादात हे बसवता आलं तर बघावं. प्रस्तावनेत मात्र नको, तिथं ते भाषण होईल.

खलनायक नायिकेच्या बुटात साप सोडतो. चालेल? (तेच वाचक)

साप निपाणीहून न्यावा लागेल. आयर्लंडात रानात साप नाहीतच. हिमयुग संपून बर्फ वितळलं, समुद्र चढला आणि साप पोहोचण्याआधीच बेट तुटलं. सेंट पॅट्रिकनं साप हाकलले ही आख्यायिका. तिथला एकमेव देशी सरपटणारा प्राणी म्हणजे एक छोटी पाल.

बॉगमधलं प्रेत वीस वर्षांनी 'हाडांचा सापळा' होऊन मिळतं. वैद्यकीयदृष्ट्या खटकतं. (एक डॉक्टर, बेळगाव)

बरोबर खटकलं. तिथं बहुधा उलट घडतं. बॉग म्हणजे शेवाळं कुजता कुजता अर्धवट राहून साठलेली दलदल. पाणी आम्लधर्मी, थंड आणि प्राणवायू जवळजवळ नाही, त्यामुळे कुजवणारे जिवाणू वाढत नाहीत. स्फॅग्नम नावाच्या शेवाळ्यातल्या द्रव्यांमुळे कातडी चामडं कमावल्यासारखी होते, तपकिरी पडते, केस तांबूस होतात. आम्लामुळे हाडांतला चुना मात्र विरघळतो. म्हणजे कातडी, केस, नखं टिकतात आणि हाड मऊ पडतं.

२००३ मध्ये मीथ परगण्यात 'क्लोनीकॅव्हन मॅन' आणि ऑफली परगण्यात 'ओल्ड क्रोहन मॅन' सापडले. दोघंही दोन हजार वर्षांहून जुने. पहिल्याच्या केसांना पाइनच्या राळेचं जेल लावलेलं होतं, दुसऱ्याच्या हाताची नखं नीट राखलेली होती. दोघं आज डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. तेव्हा तुमच्या कथेत पहिला संशय हाच यायला हवा, की हे प्रेत वीस वर्षांचं की दोन हजार? दिसायला फार फरक नसतो. सोडवायला मग कपड्यातली नायलॉनची शिवण किंवा दातातलं फिलिंग असतं. या एका दुरुस्तीनं एक अख्खं प्रकरण फुकटात मिळतंय.

प्रेत सापडण्याचा महिनाही तपासा. हस्तलिखितात टाइग डिसेंबरात पीट, म्हणजे बॉगमधला तो अर्धवट कुजलेला थर, जळणासाठी कापतो आहे. कापणी वसंतात, एप्रिल-मेच्या सुमाराला. ओल्या पीटमध्ये नव्वद टक्क्यांपर्यंत पाणी असतं. कापलेल्या विटा रानात पसरतात, थोड्या वाळल्या की चार-पाच एकमेकींना टेकवून उभ्या करतात आणि उन्हाळ्याच्या वाऱ्यावर सुकवतात. डिसेंबरात फक्त चुलीत घालतात. त्या विटांना तिथं 'टर्फ' म्हणतात, पण मराठीत तो शब्द वापरू नका. आपल्याकडे टर्फ म्हणजे रात्रीचं बॉक्स क्रिकेट.

पोलीस अधिकारी कमरेचं पिस्तूल काढतो, ते ठीक ना? (एक वाचक, चंदगड रोड)

गणवेशातले गार्डी बहुतांशी निःशस्त्र असतात. गुप्तहेर शाखेचा माणूस किंवा सशस्त्र पथक दाखवा, आणि ते पथक शहरातून कॉनेमारात पोहोचेपर्यंतचा वेळही दाखवा. तिथल्या अरुंद रस्त्यांवर तोच वेळ तुमचा सस्पेन्स आहे.

टाइगच्या आईवडिलांचा घटस्फोट १९८८ चा दाखवलाय. (एक वाचिका, कारवार)

अशक्य. घटस्फोटाला बंदी होती. १९९५ च्या सार्वमतात ती अगदी निसटत्या मतांनी उठली आणि कायदा १९९७ पासून लागू झाला. १९८८ मध्ये नवरा इंग्लंडला निघून गेला आणि बायको कागदोपत्री लग्नातच राहिली, असं करा. रहस्याच्या दृष्टीनं ते जास्त कामाचं आहे.

प्रकाशन १७ मार्चला, सेंट पॅट्रिक दिनाला ठेवावं का? (वाचनकट्टा, शहापूर)

कल्पना गोड आहे, पण मार्च म्हणजे दहावी-बारावीचा हंगाम. ज्या घरात परीक्षा, त्या घरातून कुणी येत नाही. हिवाळ्यातला रविवार घ्या. मात्र तेव्हाच कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा अशी ग्रामीण साहित्य संमेलनं असतात आणि आपला वाचक ग्रंथदिंडीपासूनच तिकडे असतो. त्या तारखा आधी विचारून घ्या, मग हॉल धरा. पावसाळा नकोच. खानापूरकडची माणसं पावसात निघत नाहीत आणि पुस्तकांच्या गठ्ठ्याला ओल लागली की मुखपृष्ठाचे कोपरे वर उचलतात, ते पुन्हा बसत नाहीत.

गॉलवेहून कुणाला ऑनलाइन जोडायचं असेल तर हिवाळ्यात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. बदल मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतो. आपल्या संध्याकाळी साडेपाचला जानेवारीत तिथं दुपारचे बारा, त्यामुळे माणूस जागा असतो आणि मोकळाही. त्यांचं बोलणं आदल्या दिवशी रेकॉर्ड करून पेनड्राइव्हवर ठेवा. हॉलचं नेट ऐनवेळी जातं.

गेल्या वेळी एका रहस्यकथेच्या प्रकाशनात प्रमुख वक्त्यांनी खुनी कोण ते सांगून टाकलं. विक्रीवर परिणाम झाला. उपाय? (वाचनकट्टा, शहापूर)

वक्त्यांना दोष देऊन उपयोग नाही. त्यांना पूर्ण पुस्तक दिलं आणि 'सविस्तर बोला' सांगितलं की ते सविस्तर बोलणारच. प्रतीसोबत एक चिठ्ठी द्या : 'कृपया पान ८० पर्यंतच्या घटनांवर बोलावं. अमुक पात्राचं नाव घेऊ नये.' नाव लिहूनच द्या, सूचक शब्दांत नको. अध्यक्षांनाही हीच चिठ्ठी, कारण घात सहसा समारोपात होतो.

अभिवाचनाला सात मिनिटं पुरेत. मराठी सावकाश वाचलं तर मिनिटाला ११० ते १२० शब्द होतात, म्हणजे मजकूर ८०० शब्दांचा. प्रेत सापडतं तो प्रसंग वाचू नका, तो पाठमजकुरातच आहे. टाइग खोटं बोलतोय हे नायिकेला पहिल्यांदा जाणवतं तो घ्या. आणि प्रसंग संपतो तिथं थांबू नका, दोन वाक्यं आधी थांबा. पुस्तकातून न वाचता सुट्या कागदांवर वाचा : १६ पॉइंटचा ठसा, एकाच बाजूला छपाई, खाली पुठ्ठा. हॉलच्या पंख्यानं पुस्तकाची पानं उलटतात आणि वाचणारा ओळ हरवतो. माइक तोंडासमोर न धरता चार बोटांवर, जरा बाजूला. समोर धरला की 'प' आणि 'फ' फटाक्यासारखे वाजतात.

प्रकाशनाच्या प्रती बांधायच्या कशा? दर वेळी पाहुणे कागद फाडत बसतात आणि फोटोत फक्त डोकी येतात. (वाचनकट्टा, शहापूर)

सेलोटेप लावू नका, सगळं दुखणं तिथलंच. डेमी आकाराच्या, इंचभर जाडीच्या पुस्तकाला १४ बाय ११ इंचांचा पातळ चकचकीत कागद पुरतो. कागद गुंडाळा, दोन्ही टोकं आत मुडपा आणि फितीच्या जोरावरच धरून ठेवा. फीत साटिनची, अर्धा इंच रुंद, एका प्रतीला सव्वा मीटर. पाच प्रतींना सात मीटर घ्या, एखादी बिघडतेच. नायलॉनची स्वस्त फीत घेऊ नका, तिची गाठ ओढल्यावर आवळते. फीत अधिक चिन्हासारखी फिरवून वर बुटाच्या नाडीसारखं फूल बांधा आणि एक शेपूट चार बोटं लांब सोडा. तेच ओढायचं, हे पाहुण्यांना मंचावर बसतानाच कानात सांगा.

पुस्तक कागदात घालताना मुखपृष्ठ फुलाच्या उलट बाजूला ठेवा. फूल पाहुण्यांकडे राहतं, फीत ओढून कागद खाली पडला की मुखपृष्ठ आपोआप लोकांकडे असतं. बहुतेक कार्यक्रमांत हे उलटं होतं आणि लोकांना पाठमजकूर दिसतो. एक न बांधलेली प्रत टेबलाखाली असू द्या, छायाचित्रकार दुसऱ्यांदा मागतोच.

प्रकाशनाच्या खाण्यात बेळगावचा कुंदा आहेच, पण आयर्लंडचं काहीतरी असावं असं वाटतं. मांसाहार नको, ओव्हन सगळ्यांकडे नाही. (एक वाचिका, अनगोळ)

सोडा ब्रेड करा. यीस्ट नाही, अंडं नाही, आणि मुख्य जिन्नस ताक. आयर्लंडचा गहू मऊ, चिकाचा अंश कमी, यीस्टनं नीट फुगत नाही. एकोणिसाव्या शतकात खाण्याचा सोडा स्वस्त मिळू लागला आणि घरोघरी ताकातल्या आम्लावर पाव फुगू लागला.

मैदा २५० ग्रॅम, चक्कीची कणीक २०० ग्रॅम, सोडा एक सपाट चमचा, मीठ एक चमचा, एकत्र दोनदा चाळा. ताक ३५० ते ४०० मिली. आपलं प्यायचं ताक इथं चालत नाही, पातळ आणि गोडसर असतं. दोन दिवसांचं आंबट दही तीन भाग आणि पाणी एक भाग घुसळून घ्या. मध्ये खळगा करून ताक ओता, बोटं पसरून फिरवा, पीठ गोळा झालं की थांबा. मळायचं नाही. चपातीच्या सवयीनं हात चालू राहतो आणि पाव चामट होतो. झाकून ठेवायचंही नाही. ताक पडताच सोड्याचा वायू सुटू लागतो, दहा मिनिटं ठेवलं की निम्मा उडून जातो. दोन इंच जाडीचा गोल थापून वर खोल फुली मारा, म्हणजे मधला भाग कच्चा राहत नाही. (परी बाहेर पडाव्यात म्हणून फुली, असं तिकडच्या आज्या सांगतात.)

ओव्हन २०० अंशांवर, ४० ते ४५ मिनिटं. ओव्हन नसेल तर जाड कुकरमध्ये बोटभर मीठ पसरा, शिट्टी आणि रिंग काढा, पंधरा मिनिटं तापवा, वाटीवर ताटली ठेवून पाव आत, मंद आचेवर तासभर. वरून गोरा राहतो, चवीला तोच. उलटा करून टिचकी मारल्यावर पोकळ वाजला की झाला. आतून पिवळट आणि साबणासारखा लागला तर सोडा जास्त पडला किंवा ताक पुरेसं आंबट नव्हतं.

एका पावाचे बारा काप, अर्धे केले की चोवीस. ऐंशी माणसांना चार पाव, वर घरचं लोणी. त्याच दिवशी सकाळी भाजा, संध्याकाळपर्यंत ठीक असतो, दुसऱ्या दिवशी दगड. सोबत दुधाचा कडक चहा द्या, तिकडेही तोच पितात.

पुस्तक निघाल्यावर सरकारला प्रती पाठवाव्या लागतात म्हणे. (प्रकाशक, निपाणी)

हो, १९५४ च्या कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांत चार : कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, आणि मुंबई, चेन्नई, दिल्ली इथल्या नेमलेल्या ग्रंथालयांना एकेक. खर्च प्रकाशकाचा. कायद्यात नसलं तरी पाचवी प्रत बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाला द्या. १८४८ पासूनचं आहे, आणि तुमचा वाचक तिथंच बसतो.

सही करताना शाई पसरते. (लेखिका)

मुखपृष्ठाच्या आतला कागद गुळगुळीत असतो, तिथं जेल पेन वाळत नाही. आतल्या शीर्षकपानावर, साध्या बॉलपेननं करा. विक्रीच्या टेबलावरच प्रत्येकाला चिठ्ठीवर नाव लिहायला सांगा आणि चिठ्ठी शीर्षकपानात खोचून पुस्तक पुढे पाठवा. रांग भरभर सरकते, आणि शेजारच्या काकूंचं नाव तीस वर्षांनी विचारायची वेळ येत नाही.